पहिल्या अभिषेकाची पाळी

आमची सून काय काम करते असे कोणी विचारले, की ‘परीक्षक आहे’ असे मी सांगत असे. ऐकणाऱ्याचा समज होई, की ती शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत असावी. तो समज मी फारसा दूर करीत नसे, कारण खरे काम दुसऱ्याला समजावून सांगण्याइतके प्रथम मलाच उमगलेले नव्हते. लोक संगणकावर किंवा मोबाईलवर ज्या वेबसाइट उघडतात, त्या लोकांपुढे जाण्याआधी स्वतः चालवून पाहायच्या, कोठे अडते, कोठे चुकते ते शोधायचे आणि बांधणाऱ्याला कळवायचे, असे ते काम. नव्या घरात राहायला जाण्यापूर्वी कोणीतरी प्रत्येक दार उघडून, लावून, कडी घालून पाहावे, तसे.

बदनापूरला स्टेशनापासून जवळच आमचे घर आहे. मुलगा सकाळच्या गाडीने जालन्याला नोकरीवर जातो. मी संस्कृतचा शिक्षक होतो. आता संध्या, पारायण आणि गुडघेदुखीने घरातच अडकलेली पत्नी, एवढाच माझा प्रपंच. सुनेने लग्नापूर्वी संगणकाची पदवी घेतली होती, परंतु लग्नानंतर कित्येक वर्षे त्या पदवीला आमच्या घरात काही काम मिळाले नाही. ती अर्ज करी आणि उत्तर येत नसे. अखेर छत्रपती संभाजीनगरच्या एका लहानशा कंपनीने घरून काम करण्याच्या बोलीवर तिला घेतले, तेही उमेदवारीवर. दिवाळीपर्यंत पाहू, ठीक वाटले तर कायम करू, असे मालकांनी सांगितले होते. तिने त्याविषयी कधी बोलून दाखविले नाही, परंतु देवघरापुढून जाताना तिचे हात त्या वर्षी क्षणभर अधिक जोडलेले राहत, हे माझ्या दृष्टीस येत असे.

प्रारंभी ती सर्व तपासणी हाताने करी. तेच नाव, तोच पत्ता, तेच बटण, दिवसभर पुनःपुन्हा. मग मालकांनी कळविले, की हाताने तपासणारी माणसे यापुढे नकोत, स्क्रिप्ट लिहायला शिका. कणीक मळताना मोबाईलवर व्याख्याने लावून आणि दुपारी आम्ही आडवे झालो असताना सराव करून ती शिकली. स्क्रिप्ट म्हणजे ब्राउझरला ओळीने दिलेल्या आज्ञा. अमुक पान उघड, पान पूर्ण येईपर्यंत थांब, नावाची चौकट शोध, नाव लिही, बटण दाब, ‘नोंद झाली’ ही अक्षरे उमटली का ते पाहा. सर्व बरोबर झाले तर शेवटी हिरवी खूण येई, कोठे अडले तर लाल.

एका सकाळी तिने मला खुर्ची दिली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. “बाबा, आता बघा हं. मी हात लावत नाहीये.”

पडद्यावर खिडकी आपोआप उघडली. चौकटीत अक्षरे एकामागून एक उमटू लागली. बोट नाही, हात नाही, परंतु कोणीतरी लिहीत होते. बटण दाबले गेले, पान पालटले, खिडकी मिटली. ज्या साधनाने हे घडत होते, ते तिने विकत घेतलेले नव्हते. ते कोणीही घ्यावे, आतले लेखन वाचावे, चूक दिसल्यास सुधारून परत सर्वांना द्यावे, असा त्या मंडळींचा रिवाज आहे, असे ती म्हणाली. त्याला ओपन सोर्स म्हणतात. विद्या विकू नये असे आम्हाला पाठशाळेत शिकविले होते. ते व्रत आज कोणी अनोळखी माणसे परदेशांत बसून पाळीत आहेत, हे ऐकून मी त्यांना मनोमन नमस्कार केला.

आणखीही एक गोष्ट मला ओळखीची वाटली. पाठशाळेत आम्ही मंत्र सरळ म्हणत असू, मग पदे सुटी करून, मग दोन-दोन पदे जोडून, मग उलट-सुलट फिरवून. हेतू एकच, की एकही अक्षर गळू नये आणि गळलेच तर लगेच उघडे पडावे. सुनेचे काम त्याच जातीचे आहे असे मी तिला म्हणालो. तिला ते आवडले असावे, कारण पुढे एखादी स्क्रिप्ट अडली, की ती म्हणे, “बाबा, कुठेतरी पद गळलंय.” बहुधा बांधणाऱ्याने बटणाचे आतले नाव बदललेले असे. आपल्याला बटण डोळ्यांसमोर दिसत असे, पण स्क्रिप्ट त्याला जुन्या नावाने हाका मारीत उभी राही.

त्या उन्हाळ्यात कंपनीला भोकरदन तालुक्यातील एका देवीच्या मंदिराचे काम मिळाले. गावाचे नाव मी येथे लिहीत नाही. त्या देवीला रोज पहाटे जो पहिला अभिषेक होतो, त्याला लोक फार मानतात. तो एकाच भक्ताच्या नावाने होतो. त्याच्या पाळीसाठी पूर्वी गुरवाच्या दारात भांडणे होत, म्हणून विश्वस्तांनी ठरविले, की पाळी वेबसाइटवर द्यावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पुढच्या आठवड्यातील एका दिवसाची पाळी खुली व्हावी आणि जो प्रथम नाव लिहील त्याची ती व्हावी. पैशाचा व्यवहार वेबसाइटवर ठेवला नाही, दक्षिणा देवीपुढेच.

त्या मंदिराचा एक जुना नेम आहे, तो येथे सांगितलाच पाहिजे. देवीपुढे ज्याचे नाव आले, त्याचा संकल्प सुटत नाही. भक्त स्वतः आला नाही तरी गुरव त्याच्या नावाने अभिषेक करतो. पूर्वी लांबची माणसे एस.टी.च्या कंडक्टरजवळ नारळ आणि नाव पाठवीत, तेव्हापासूनचा हा नेम. तिथल्या गुरवाला संकल्पाचे संस्कृत मीच शिकविले आहे. तो वयाने माझ्याहून लहान, मला गुरुजी म्हणतो.

परीक्षेसाठी सुनेला एक भक्त हवा होता. आधी तिने चौकटीत काहीतरी अर्थहीन अक्षरे भरली होती. त्या खात्यातील सारे तसेच करतात म्हणे. मला ते पाहवले नाही. सरावासाठी का होईना, देवीच्या नावाने उघडणाऱ्या पानावर असली अक्षरे कशी लिहायची? मी म्हणालो, की माणूस खोटा असेना, पण नाव माणसाचे असावे आणि गोत्रही असावे. तिला ते पटले. आमच्या घरात आल्यावर ती आमच्यासारखीच झाली आहे. आम्ही एक साधे नाव ठरविले. गोत्र ठाऊक नसेल तर कश्यप म्हणावे अशी रीत आहे, म्हणून गोत्र कश्यप.

पत्नी शेजारी शेंगा निवडीत बसली होती. “गाव केदारखेडा घाला,” ती म्हणाली. “आणि कशासाठी करतोय तो?”

फॉर्ममध्ये ‘अभिषेकाचे कारण’ अशी चौकट होती. सून म्हणाली, “आईच्या प्रकृतीसाठी लिहू का?”

“प्रकृती म्हणजे काय? देवीला नेमकं सांगावं. आईच्या गुडघ्यांसाठी लिही.”

“आई, गुडघे?”

“मग? माझेच लिही. देवीपुढं गुडघ्यांची लाज कसली.”

त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून एक मातृभक्त मुलगा घडविला. सून हसत हसत लिहीत होती. तिच्या उमेदवारीच्या त्या सर्व काळात ती इतकी मोकळी हसलेली मला तेवढीच आठवते.

सराव एका वेगळ्या ठिकाणी चाले. ती खऱ्या वेबसाइटचीच प्रतिकृती, परंतु तिची पाटी रोज आपोआप पुसली जाई. सुनेने अशी व्यवस्था केली, की पाळी खुली होण्याच्या नेमक्या क्षणी स्क्रिप्टने स्वतःच उठावे, आमच्या केदारखेड्याच्या भक्ताचे नाव घालावे आणि खूण दाखवावी. त्या क्षणाचा ताण पान सोसते की नाही, हेच मालकांना पाहायचे होते. रोज सकाळी माझी पूजा आटोपत असताना आतून तिचा आवाज येई, “हिरवं आहे, बाबा.” आम्हाला त्याची सवय झाली. देवापुढे फूल उजवीकडून पडावे, तशी ती खूण आम्हाला वाटू लागली होती.

भाद्रपदात वेबसाइट लोकांसाठी खुली झाली. मालकांनी सुनेचे कौतुक केले. कायम करण्याचा शब्द त्यांनी उच्चारला नाही, परंतु नवरात्र पार पडू द्या, मग बोलू, असे म्हणाले. नवरात्र जवळ आले होते.

एका सकाळी गुरवाचा फोन आला. आधी प्रकृती विचारली, मग पाऊस, मग म्हणाला, “गुरुजी, सूनबाईच्या त्या वेबसाइटनं देवीला एक लई भाविक माणूस दिला बघा. रोज पहिला अभिषेक त्याचाच. दुसऱ्या कुणाला पाळी गावू देत न्हाई.”

मी कौतुकाने विचारले, कोण, कुठला.

“केदारखेड्याचा हाये म्हणं. कश्यप गोत्र. आईच्या गुडघ्यांसाठी करून राह्यला. येत मात्र एकदाबी न्हाई. प्रसाद न्यायला बोलवावं म्हणून फोन लावला, तर नंबर लागत न्हाई. गरीब असंल बिचारा, रिचार्ज संपला असंल.”

तो बोलत राहिला. लोक वैतागले होते. भोकरदनची एक लेक आईच्या आजारासाठी पाळी मागत होती. घड्याळ लावून बसे, पण पान उघडते न उघडते तोच पाळी गेलेली. “मी म्हणलं, बाई, काय करू, त्याची भक्ती तुझ्यापेक्षा जल्दी हाये.” आपल्या विनोदावर तो स्वतःच हसला आणि नवरात्राच्या पहिल्या दिवसाची पाळीही त्याच मुलाची लागली आहे, असे सांगून त्याने फोन ठेवला.

मी देवघरात जाऊन बसलो. जप मात्र झाला नाही. आपल्याला कळले आहे आणि तिला कळलेले नाही, अशा अवस्थेत माणसाने किती वेळ बसावे? सांगितले तर तिचे काम जाईल, असे भय होते. न सांगावे, तर दुसऱ्या सकाळी त्या भोकरदनच्या मुलीची पाळी पुन्हा जाणार, आणि ती आमच्याच घरातून. देवीच्या दारी उभ्या असलेल्या माणसाला आपल्या घरातील कोणी मागे ढकलते आहे, हे जाणून स्वस्थ बसता येईना. मी उठून तिच्या खोलीत गेलो.

“आजही हिरवं आहे, बाबा,” ती म्हणाली.

गुरव जे बोलला ते मी जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकून घेतले. लेखन उघडले, वरून खाली आली आणि एका ओळीवर बोट ठेवले. “पत्ता,” ती म्हणाली.

पुढे तिने समजावून सांगितले ते असे. कोणत्या ठिकाणी जायचे, हा पत्ता स्क्रिप्टमध्ये एकाच ओळीत लिहिलेला असतो. उद्घाटनाच्या दिवशी मालकांच्या सांगण्यावरून खरे ठिकाण चालते का, हे पाहण्यासाठी तिने सरावाचा पत्ता काढून खरा घातला होता. तो परत बदलायचा राहिला. तेव्हापासून स्क्रिप्ट रोज सकाळी खऱ्या मंदिराच्या पानावर जात होती आणि कोणत्याही माणसापेक्षा आधी पोहोचत होती. सरावाची पाटी पुसली जात असे. ही पुसली जात नव्हती. कोठे एखादे पद गळले असते तर लाल खूण आली असती. येथे चूक कसलीच नव्हती. सारे यथासांग होत होते.

मला पाठशाळेची पद्धत आठवली. पाठ शुद्ध आहे की नाही हे त्या पद्धतीने कळते. तो कोणापुढे चालला आहे, हे कळण्याची सोय तिच्यात नाही.

“त्या चौकटीत काहीतरी वेडंवाकडं नाव असतं ना,” सून म्हणाली, “तर गुरवकाकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.” तिच्या बोलण्यात दोष दिल्याचा सूर नव्हता. ती केवळ कारण शोधत होती. मी मात्र दाराशी उभा होतो तो तसाच राहिलो. पत्नीने आतून सारे ऐकले होते. ती म्हणाली, “म्हणजे इतके दिवस माझ्या गुडघ्यांसाठी अभिषेक होतोय आणि मला अजून उंबरा चढवत नाही? सांगा त्या गुरवाला, नीट म्हण म्हणावं.” कोणी हसले नाही.

सुनेने तत्काळ स्क्रिप्ट थांबविली आणि मालकांना फोन करून सर्व सांगितले. काही लपविले नाही. मालकांनी विश्वस्तांना कळविले. विश्वस्तांनी मालकांना आणि सुनेला मंदिरात बोलाविले.

मी जाणार असे म्हणालो तेव्हा ती हळूच म्हणाली, “तुम्ही नाही आलात तरी चालेल, बाबा.” मला ते तिचे सौजन्य वाटले. नाव आम्ही घरात मिळून ठरविले होते. ते मी सांगितले तर तिच्यावरचा भार हलका होईल, असा माझा हिशेब. मालक आपल्या गाडीने परस्पर येणार होते. आम्ही दोघे एस.टी.ने निघालो. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होती. परीक्षेपूर्वी विद्यार्थी करतात तशी ती आपली उत्तरे घोकत होती. तिने दोन उपाय योजले होते. स्क्रिप्टने प्रथम स्वतः पत्ता वाचावा आणि तो खऱ्या मंदिराचा असेल तर एक पाऊलही पुढे टाकू नये. आणि परीक्षेचा भक्त यापुढे असा असावा, की त्याचे नाव वाचताच तो खोटा आहे हे कोणालाही कळावे. दोन्ही तिने करून, तपासून ठेवले होते. केदारखेड्यावरून बस गेली तेव्हा आम्ही दोघांनीही बाहेर पाहिले आणि एकमेकांकडे पाहण्याचे टाळले.

मंदिराच्या कार्यालयात विश्वस्तांचे अध्यक्ष होते. मी आत गेलो तसे ते उठले आणि माझ्या पाया पडले. एके काळी ते माझे विद्यार्थी होते, हे मला ठाऊक नव्हते, त्यांनीच सांगितले. मला त्यांची खुर्ची दिली. चहा मागविला. मालक कोपऱ्यात उभे होते, सून दाराजवळ. मी बोलू लागलो, की या प्रकरणात नाव वगैरे जे आहे ते आमच्या घरात सर्वांनी मिळून... अध्यक्षांनी हात जोडून मला थांबविले.

“गुरुजी, तुमच्या घरचं लेकरू म्हणजे आमचंच लेकरू. देवीच्या मनात होतं, झालं. आता हा विषयच नको.”

मी म्हणालो, की तिने काही उपाय केले आहेत, ते ऐकून घ्यावेत.

“ऐकायचं काय त्यात, गुरुजी. तुम्ही आलात, बस झालं. चहा घ्या.”

सुनेने एकदा तोंड उघडले आणि मिटले. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहून प्रेमाने मान हलविली, लहान मुलीकडे पाहून हलवावी तशी. चहा झाला. आमच्यासाठी नारळ आणि खण आणले गेले. मालकांनी एकही शब्द उच्चारला नाही. निघताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि सुनेला “बोलू नंतर” एवढे म्हणाले.

तेथून मी गाभाऱ्याकडे गेलो. गुरवाला मीच सांगणे भाग होते, की तो मुलगा नाही; कधी नव्हता. तो समयीची वात सारीत होता. त्याला यंत्राची गोष्ट पटकन उमगेना, म्हणून मी पुन्हा सांगितली. तो खाली बसला.

“मंग मी कुणासाठी म्हणत व्हतो, गुरुजी?”

संकल्पाला कर्ता लागतो, हे मीच त्याला शिकविले होते. ज्याचा कर्ता नाही त्या संकल्पाचे काय होते, याविषयी मी काही वाचलेले मला आठवेना. येताना बसमध्ये विचार केला होता, घरी आल्यावर ग्रंथही काढून पाहिले. अजून मला उत्तर मिळालेले नाही.

थोड्या वेळाने त्याने विचारले, “गुडघे तरी खरे व्हते का कुणाचे?”

“होते.”

“मंग बराबर हाये,” असे म्हणून तो उठला आणि नवरात्राची पहिली पाळी भोकरदनच्या लेकीला देण्याचे अध्यक्षांकडून आताच कबूल करून घेतो, असे त्याने मला सांगितले. त्याच्यापुरता प्रश्न तेवढ्यावर मिटला. त्याचा मला हेवा वाटला.

परतीच्या बसमध्ये सून नारळ मांडीवर घेऊन बसली होती. जालना जवळ आले. मी म्हणालो, की बरे झाले, त्यांनी मोठ्या मनाने क्षमा केली.

“मला माफी नको होती, बाबा,” ती म्हणाली. “मला विचारायला हवं होतं त्यांनी. काय चुकलं, कसं चुकलं, आता काय केलंस. कंपनीच्या सरांसमोर विचारायला हवं होतं.”

मी गेलो नसतो तर त्यांनी विचारले असते, कदाचित कठोरपणे विचारले असते, आणि तिने उत्तर दिले असते, एवढे मात्र मला त्या क्षणी स्पष्ट दिसले. ज्या खुर्चीवर मला बसविले, तिच्यामुळे तिला उभे राहायला जागा उरली नव्हती.

दिवाळीपूर्वी मालकांचा फोन आला. उमेदवारीची मुदत संपते आहे आणि कंपनी ती पुढे वाढवीत नाही, असे त्यांनी सांगितले. कारण दिले नाही. सुनेने विचारले, की मंदिराच्या प्रकारामुळे का? ते म्हणाले, छे, तो विषय तर विश्वस्तांनीच मिटवला. ज्या चुकीविषयी कोणी बोललेच नाही, तिचा खुलासा ती कोणापुढे करणार होती? तिने आभार मानले आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिने करंज्या केल्या. एकही फुटली नाही, हे पत्नीने मुद्दाम मला येऊन सांगितले, जणू त्यात काही आश्वासन होते.

मुलगा म्हणाला, दुसरी मिळेल. मी तिला न विचारता मालकांना फोन केला. तो तरुण माणूस अतिशय आदराने बोलला. सर, तुम्ही वडीलधारे, तुम्ही कशाला त्रास घेता. तब्येत कशी आहे. काकूंचे गुडघे कसे आहेत. गुडघ्यांची चौकशी त्याने मनापासून केली, असे मला वाटते. मी तिच्या दोन उपायांविषयी सांगू लागलो. परंतु मला ते नीट सांगता येईनात. मध्येच शब्द अडखळले. तो धीराने ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आशीर्वाद असू द्या, सर.” मी आशीर्वाद दिला. जन्मभर लोकांना आशीर्वाद देत आलो आहे, पण इतका रिकामा हात कधी उचलला नव्हता. फोनची गोष्ट तिला दुसऱ्या दिवशी कळली. ती रागावली नाही. केवळ “अहो बाबा” म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर तिने पुन्हा अर्ज करण्यास प्रारंभ केला. रिकाम्या वेळात ती त्या मोफत साधनांचा सराव करते. कोठल्या कोठल्या सरावाच्या पानांवर स्क्रिप्ट चालविते. हिरवी खूण आल्यावर आता ती मला हाक मारीत नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीने मोबाईलवरून तिची मुलाखत घेतली. मी बाहेरच्या खोलीत होतो. इंग्रजी मला जेमतेम कळते, तरी एवढे समजले, की तिला तिच्या हातून झालेली एखादी चूक सांगायला सांगितले होते. ती सांगू लागली. पत्ता, सरावाची पाटी, पहाटेची पाळी. ती सावकाश बोलत होती, बसमध्ये घोकले होते त्याहून कितीतरी सावकाश. काय चुकले, कसे चुकले, मग काय केले. कोणी तिला थांबविले नाही. गुडघ्यांपाशी ती अडखळली आणि तेवढे मराठीत बोलली. तिकडून हसण्याचा आवाज आला. मग तीही हसली. ते हसणे कौतुकाचे होते की टवाळीचे, हे दाराबाहेर बसून ओळखता येण्यासारखे नव्हते, आणि आत डोकावणे मला शोभले नसते.

ती बाहेर आली तेव्हा मी काही न विचारण्याचा निश्चय केला होता. तो टिकला नाही.

“कळवतो म्हणाले,” ती म्हणाली.

“केव्हा?”

“ते नाही सांगितलं.”

ती स्वयंपाकघराकडे वळली. मी तिला थांबविले आणि विचारले, की तिच्या नावाने सप्तशतीचे एक अनुष्ठान करावे असे माझ्या मनात आहे, तर तिची अनुज्ञा आहे का. यापूर्वी अशा गोष्टीसाठी मी घरात कोणाची अनुज्ञा कधी घेतली नव्हती. ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, “करा, बाबा. पण कुणाला फोन नका करू.”

मी होकारार्थी मान हलविली.